इंजिन हवेवर, टर्बो पाण्यावर

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. दुपारी तीनच्या सुमारास एक पोरगा नागपूरजवळच्या वाडीतल्या माझ्या शेडमध्ये आला, बॅगेतून पेपरात गुंडाळलेला टर्बो काढला आणि टेबलावर ठेवला. टर्बो म्हणजे एकाच शाफ्टवरचे दोन पंखे: एक्झॉस्टच्या धुरानं फिरतो तो टर्बाइन, इंजिनात जास्त हवा दाबतो तो कॉम्प्रेसर. मी कॉम्प्रेसरकडचा नट चिमटीत धरून फिरवून पाहिला. शाफ्ट हललाच नाही.

"भाऊ, दुसऱ्यांदा गेला," तो म्हणाला. "ऑइल कूलर लावला, ऑइलची लाइन मोठी केली, तरी तीन आठवडे टिकला नाही. काय चुकून राहिलं, तेवढं सांगा."

माझं रोजचं काम ट्रकच्या टर्बोंचं. अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांची इतकी दाटी आहे की दुसरं काही हातात घ्यायला वेळ मिळत नाही. ट्रकच्या टर्बोला स्वच्छ ऑइल मिळालं तर तो लाखो किलोमीटर चालतो. लवकर गेलेला टर्बो येतो तेव्हा कारण बहुतेक वेळा उघडण्याआधीच कळतं: ऑइल वेळेवर बदललेलं नसतं किंवा लाइन चोंदलेली असते. हा टर्बो तसा गेला नव्हता. हवेवर थंड होणाऱ्या मोटरसायकलला टर्बो बसवणारी दोन-चार पोरं दर वर्षी माझ्याकडे येतात आणि बहुतेक याच जागी अडकतात, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतो आहे.

गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची, कॉम्प्रेशन ८.५ ला १. इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच, तिघांना मिळून एकच ऑइल. टर्बो एका छोट्या डिझेल कारचा, भंगारातून आणलेला, सिलिंडरच्या पुढे एक्झॉस्टच्या तोंडापासून वीतभर खाली बसवलेला. बूस्ट, म्हणजे टर्बोनं हवेला दिलेला जास्तीचा दाब, ०.४ बार. असा बदल केलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे रस्त्यावर आणता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि तो ते पाळतही होता. हिंगण्याकडे त्याच्या मामांचं लेआउट आहे. प्लॉट पाडलेत, आतला रस्ता झालाय, घर मात्र अजून एकही नाही. छोटा हत्ती टेम्पोत गाडी टाकून तिथं न्यायची, पाच-सहाशे मीटरचे रन मारायचे, परत आणायची, एवढाच तिचा वापर.

उघडल्यावर काय दिसलं

कॉम्प्रेसरकडचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी, जवळजवळ नवा होता. शाफ्टला मागेपुढे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर ओरखडा नव्हता. टर्बाइनकडचं टोक मात्र जळालेलं. तिकडच्या बुशची ऑइलची भोकं काळ्या कार्बननं बुजली होती आणि शाफ्टवरच्या रिंगच्या खाचेत तोच कार्बन ठासून बसला होता. तळणाच्या कढईच्या कडेला वर्षानुवर्षं जो काळा थर चढतो, घासणीनंही निघत नाही, अगदी तसा. शाफ्टला त्या बाजूनं निळी झाक आली होती.

या दोन टोकांतल्या फरकानं अर्धं काम झालं. ऑइल कमी पडलेल्या टर्बोत दोन्ही बुश घासलेले मिळतात आणि थ्रस्ट तर सगळ्यात आधी खाल्लेला असतो. ऑइलमध्ये घाण असेल तर शाफ्टवर गोल चरे पडतात. इथे एक टोक धडधाकट आणि दुसरं करपलेलं. म्हणजे ऑइल पोचत होतं, पण पोचलेलं ऑइल जागेवरच जळत होतं. त्यामुळे लाइन मोठी करून काही फरक पडला नाही, पडणारही नव्हता.

तरी खात्रीसाठी प्रेशर मोजलं. बुशवर चालणाऱ्या टर्बोला आयडलिंगला साधारण ०.७ बार आणि जोरात चालताना दोन बारच्या आसपास प्रेशर लागतं. गरम इंजिनवर आम्हाला ०.७ आणि २.१ मिळालं. काठावरचं, पण पुरेसं.

मग मी त्याला विचारलं, "रन मारल्यावर काय करतो रे तू?"

"काय करणार भाऊ, लगेच बंद करतो. उभी ठेवून चालू ठेवली तर इंजिन पकडून जाईल ना."

त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि सगळी अडचण त्यातच होती.

टर्बो म्हणतो चालू ठेव, इंजिन म्हणतं बंद कर

इंजिन चालू असतं तोवर टर्बोच्या मधल्या हाउसिंगमधून, म्हणजे दोन पंख्यांमधल्या बुशच्या घरातून, ऑइल वाहत असतं आणि टर्बाइनकडून येणारी उष्णता सोबत घेऊन जात असतं. इंजिन बंद केलं की पंप थांबतो. ऑइल खाली निथळतं, बुशवर फक्त एक पातळ थर उरतो. टर्बाइनचं हाउसिंग मात्र तेव्हा पाच-सहाशे अंशांवर असतं. ते बिडाचं जाड लोखंड, ते काय लगेच निवणार? त्याची उष्णता फ्लँजमधून, म्हणजे जोडाच्या कडेतून, आणि शाफ्टमधून मधल्या हाउसिंगमध्ये सरकत राहते आणि तिथं अडकलेला ऑइलचा थर भाजून काढते. टर्बो चालताना जळत नाही, उभा असताना जळतो.

त्यात हा टर्बो डिझेल कारचा. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा बराच थंड असतो, म्हणून छोट्या डिझेल गाड्यांत नुसत्या ऑइलवर थंड होणारा टर्बो पुरतो. पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट जोरात चालवताना ८५० ते ९५० अंशांपर्यंत जातो. पेट्रोल कारच्या टर्बोंना मधल्या हाउसिंगमध्ये पाण्याचं जॅकेट देतात ते यासाठीच.

कारवाल्यांना आपण सांगतो, घाटातून आलात तर बंद करण्याआधी मिनिट-दोन मिनिटं गाडी आयडलिंगला ठेवा. कारला ते परवडतं, कारण तिच्या रेडिएटरला पंखा असतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला पंखा नाही, फक्त सिलिंडरवरच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स. फिन्सना वारा लागतो आणि उभ्या गाडीला वारा मिळत नाही. मे महिन्यात आपल्याकडे जो वारा सुटतो तो स्वतःच ४४ अंशांचा असतो.

हे अंदाजावर सोडायचं नव्हतं. कार्बन काढून, नवे बुश टाकून तोच टर्बो पुन्हा बसवला आणि तापमान मोजणारे तीन थर्मोकपल लावले: एक मधल्या हाउसिंगवर टर्बाइनच्या फ्लँजजवळ, एक ऑइलच्या रिटर्नमध्ये, एक स्पार्क प्लगच्या वॉशरखाली. दुपारी चार वाजता लेआउटवर गेलो. सावली म्हणून एक बाभूळ, बाकी सगळी तापलेली मुरमाड जमीन.

सलग चार रन झाले. चौथ्याच्या शेवटी हाउसिंग १६५ अंश, रिटर्न ऑइल १२८, प्लग वॉशर २०१. त्यानं इंजिन बंद केलं आणि आम्ही दोघं मीटरकडे बघत बसलो. एका मिनिटात १९०. दोन मिनिटांनी २२५. पोरगा गप्प झाला. चार मिनिटांनी २७०. गाडी बंद, समोर शांत उभी, आणि आकडा चढतोच आहे. सातव्या मिनिटाला २९१ वर तो थांबला. पंधरा मिनिटांनंतरही २४० होता. इतकी उष्णता इतका वेळ सोसेल असं मोटरसायकलचं ऑइल नाही.

"आपण बंद केल्यावर तापून राहिला हा," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या फेरीत रननंतर तीन मिनिटं आयडलिंग ठेवलं. बंद केल्यावर हाउसिंग २१५ च्या पुढे गेलं नाही. पण त्या तीन मिनिटांत प्लग वॉशर २२६ वर पोचला होता, अजून चढत होता आणि इंजिनाचा आवाज बदलायला लागला होता. एकाला वाचवलं की दुसरं मरत होतं. शेडमध्ये पेडेस्टल फॅन समोर ठेवून पाहिलं तेव्हा दोन्ही आकडे ताब्यात राहिले. पण माळावर फॅन कुठून आणणार?

ऑइलवरच भागवता आलं नसतं का?

लोकांनी त्याला दोन सल्ले दिले होते. पहिला, कारचं टर्बोसाठीचं सिंथेटिक ऑइल टाक. ते या इंजिनात चालत नाही, कारण क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यांनी क्लच घसरतो. मोटरसायकलला जासो एमए किंवा एमए२, म्हणजे ऑइलमध्ये बुडलेल्या क्लचसाठीची जपानी प्रत, लिहिलेलं ऑइलच हवं. दुसरा सल्ला, टर्बोला स्वतंत्र ऑइलची टाकी, स्वतंत्र पंप, स्वतंत्र कूलर. हे होऊ शकतं आणि करणारे करतातही. पण गरम ऑइल ओढून परत आणणारा चांगला विजेचा पंप महाग पडतो आणि तो चालता चालता थांबला तर टर्बो काही सेकंदांत जातो. मला ती जोखीम पटली नाही.

पोरानं एक मुद्दा मांडला, तो खरा होता. कंपन्यांनी हवेवर थंड होणाऱ्या टर्बो गाड्या काढल्या होत्याच की. यामाहाची एक्सजे६५० टर्बो १९८२ ची, सुझुकीची एक्सएन८५ १९८३ ची, कावासाकीची जीपीझेड७५० टर्बो १९८४ ची. त्या काळात टर्बोच्या जोडीला पाण्यावरचं इंजिन दिलं ते होंडानं, १९८२ च्या सीएक्स५०० टर्बोला. बाकी तिघींचा टर्बो ऑइलवरच. सुझुकीनं तर पिस्टनखाली ऑइलचे फवारे दिले होते. पण त्या रस्त्यावर धावणाऱ्या चार सिलिंडरच्या गाड्या होत्या. घराजवळ येईपर्यंत वेग उतरलेला असतो, टर्बो वाटेतच निवलेला असतो. पूर्ण बूस्टवरून थेट बंद, तेही दिवसातून वीस वेळा, हा त्यांचा वापर नव्हता.

मग मी कागदावर साधा हिशेब मांडला. टर्बाइन हाउसिंग आणि त्याला जोडलेला बेंड मिळून साधारण दोन किलो लोखंड. ते ५५० वरून १५० अंशांवर यायला सुमारे ४०० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागते. बरीचशी हवेत जाते. चौथा हिस्सा, म्हणजे १०० किलोज्यूल, मधल्या हाउसिंगमध्ये शिरते असं धरलं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला २२५७ किलोज्यूल लागतात. म्हणजे ही सगळी उष्णता जेमतेम ४५ ग्रॅम पाण्याच्या वाफेत संपते. चहाचा छोटा कपही भरणार नाही इतकं पाणी! माठातलं पाणी गार राहतं आणि खिडकीतला कूलर खोली गार करतो, तो याच गुणावर. इंजिनाला पाणी नाही म्हणून टर्बोलाही नाही, असा नियम कुठे आहे?

पाण्याचा फेरा

६६० सीसीच्या जपानी पेट्रोल कारला बसतो त्या मापाचा, पाण्याचं जॅकेट असलेला टर्बो मिळवला. रेडिएटर लिक्विड-कूल्ड २०० सीसी बाइकचा, जुना पण न गळणारा. बारा व्होल्टचा छोटा ब्रशलेस पंप, इंजिन बंद झाल्यावर पाच मिनिटं चालत राहील असा टायमर रिले, आणि वर प्रेशर कॅपची छोटी टाकी. आत अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. पंप दीड अँपिअरच्या आत ओढतो, त्यामुळे पाच मिनिटांनी बॅटरीचं काही बिघडत नाही.

माझी एकच अट होती: पंप बंद पडला तरी टर्बो वाचला पाहिजे. गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड खाली येतं. त्यासाठी पाणी खालच्या तोंडातून आत आणि वरच्या तोंडातून बाहेर यायला हवं, आणि बाहेरची नळी टाकीपर्यंत सतत चढती हवी. मधलं हाउसिंग आम्ही वीसेक अंश फिरवून बसवलं, म्हणजे बाहेरचं तोंड सगळ्यात उंच येईल. ऑइलचा रिटर्न मात्र जवळपास सरळ खालीच राहायला हवा, त्यामुळे याहून जास्त फिरवता येत नाही. टर्बोजवळ वीतभर स्टीलची नळी, रबरी होज त्यापुढे. नळी जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टखाली तांब्याचे वॉशर, लाल तापवून नरम केलेले.

पहिल्या चाचणीत पंप मुद्दाम बंद ठेवला आणि पाचव्या मिनिटाला हाउसिंग २३८ वर गेलं. मी होजवर हात ठेवला. टर्बोकडच्या तुकड्यात आत धडधड लागत होती, पातेल्याचं झाकण उडताना लागते तशी. दोन वितींवर तीच होज नुसती कोमट. मधे ती फ्रेमच्या पाइपवरून जाऊन पुन्हा खाली उतरत होती, जेमतेम तीन बोटांचा उंचवटा. वाफ त्या कमानीत अडकून बसली होती आणि मागचं पाणी पुढे सरकत नव्हतं. कॅप तशीच ठेवली. अशा वेळी ती उघडली तर उकळतं पाणी तोंडावर येतं. गाडी पूर्ण थंड होऊ दिली, दुसऱ्या दिवशी होज फ्रेमच्या खालून काढली आणि टाकी पेट्रोलच्या टाकीखाली पुढच्या उंच कोपऱ्यात सरकवली. त्यानंतर पंप न चालवताही हाउसिंग १४४ वर थांबलं. पंप चालू ठेवला तर ११९. आधीचा आकडा २९१ होता.

ऑइलची बाजूही सुधारली. रिटर्नची नळी आतून १० मिलिमीटरची होती आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, ऑइलच्या पातळीखाली शिरत होती. टर्बोमधून ऑइल प्रेशरनं बाहेर येत नाही. ते फेसाळून, स्वतःच्या वजनानं खाली पडतं, म्हणून वाट रुंद आणि उतरती हवी. १६ मिलिमीटरची नळी पातळीच्या वर आणून सोडली. एका सिलिंडरच्या इंजिनात आणखी एक गोष्ट असते, जी चार सिलिंडरवाल्यांना सहसा भोवत नाही: पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली अर्धा लिटर हवा दाबली जाते आणि ती दाब काढायला रिटर्नच्या नळीतून टर्बोकडेच धावते. मग ऑइल खाली उतरत नाही, सीलमधून टर्बाइनमध्ये शिरतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. सील बदलून तो धूर जात नाही. क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर मोठा करून त्यात एकतर्फी व्हॉल्व्ह टाकला, धूर गेला.

टर्बो आणि सिलिंडर यांच्यामध्ये स्टेनलेसचा पत्रा, दोन्हीकडे बोटभर फट ठेवून. तापलेल्या हाउसिंगची धग थेट पुढच्या फिन्सवर पडत होती ती अडली आणि रनच्या शेवटी प्लग वॉशर २०१ वरून १८७ वर आला. टर्बाइनवर उष्णतारोधक पट्टी गुंडाळायची का, असं त्यानं विचारलं होतं. नुसत्या ऑइलवरच्या टर्बोला ती गुंडाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पट्टीमुळे हवेत जाणारी उष्णता आतच राहते आणि बंद केल्यावर मधल्या हाउसिंगकडे जास्त जाते. पाणी असलेल्या टर्बोला चालते.

खर्चाचं एवढंच सांगतो: रेडिएटर, पंप, नळ्या आणि लेथचं काम मिळून जे लागलं ते त्यानं आधी दोन वेळा टर्बोचा कोअर, म्हणजे मधला भाग, बदलण्यात घालवलेल्या पैशांपेक्षा कमी होतं. जॅकेटवाला टर्बो वेगळा.

दिवाळीनंतर

जूनमध्ये पाऊस लागेपर्यंत आणि मग सप्टेंबरच्या शेवटापासून गाडी चालली. त्याची सवय तीच राहिली, रन संपला की बंद. दिवाळीनंतर मी त्याला टर्बो काढून आणायला सांगितलं. चालता टर्बो उघडणं त्याच्या जिवावर आलं होतं, पण आणला. टर्बाइनकडचा बुश फिकट तपकिरी, भोकं मोकळी. रिंगच्या खाचेतून कापड फिरवलं तर चहाच्या रंगाचा डाग आला, खडा एकही नाही. शाफ्टला बोटानं टिचकी मारली, तो फिरत राहिला.

आता त्याला बूस्ट ०.६ करायचं आहे. त्यावर आमचं जमलेलं नाही. ४४ अंशांची हवा ०.४ बारला दाबली की कॉम्प्रेसरमधून ती नव्वदच्या पुढे तापून निघते, ०.६ ला एकशे दहाच्या वर जाते. ती थेट सिलिंडरमध्ये शिरते, मध्ये ती गार करणारा इंटरकूलर नाही. टर्बोला आपण पाणी दिलं, पण सिलिंडर हेड अजून फिन्सवरच आहे आणि पंपावरच्या पेट्रोलला तिथं नॉकिंग, म्हणजे उष्णतेनं आपोआप पेटून ठोके देणं, सुरू व्हायला फार काही लागत नाही. आधी इंटरकूलर, मग हेडचं तापमान पुन्हा मोजायचं, तेही मे महिन्यातच, असं मी त्याला सांगितलंय. तो इंटरकूलरसाठी जागा मोजून गेला आहे.